तिसऱ्या भेटीनंतर सरासरी

खरं तर त्या गुरुवारी त्याने एवढंच ठरवलं होतं, की लगेच उत्तर द्यायचं नाही. यात त्याचं काय चुकलं, सांगा. शहाणी माणसं पटकन उत्तर देत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. (मूर्ख माणसंही देत नाहीत. बाहेरून दोघं सारखीच दिसतात, आणि आमच्या गृहस्थाने याच भांडवलावर एकोणीस वर्षं संसार केला होता.) पण त्या एका न दिलेल्या उत्तरापायी त्याची जी काही शोभा झाली, ती शत्रूचीही होऊ नये.

गृहस्थ पाणीखात्यात मीटर रीडर होता. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, काच पुसायला फडकं, जिन्याखाली नाहीतर खड्ड्यात दडलेल्या मीटरचे आकडे बघायला हातात मावेल एवढा आरसा, आणि छापील चिठ्ठ्यांचं एक पॅड. एखादं घर बंद असलं, की त्यातली चिठ्ठी दारात खोचायची. 'आम्ही येऊन गेलो. घर बंद आढळले. भेट क्रमांक अमुक.' अशा तीन भेटी होऊनही दार उघडलं नाही, तर मागचे आकडे बघून अंदाज बांधायचा, वहीत सरासरी लिहायची आणि मोकळं व्हायचं. नियमच तसा होता.

या नियमावर त्याचा फार जीव. इतका, की पुढे पुढे तो तीन भेटींचीही वाट बघेना. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या बाकावर बसून अख्ख्या गल्लीचे आकडे लिहून काढायचा. म्हणायचा, "अहो, माणसं बदलत नाहीत. मागच्या वर्षी एवढं पाणी वापरलं, यंदाही एवढंच वापरणार." ऑफिसात त्याला सगळे 'सरासरी' म्हणत, आणि हे कौतुकाने म्हणतात असा त्याचा समज होता.

मग एक दिवस एक इसम ऑफिसात येऊन टेबलावर मूठ आपटून उभा राहिला. सरासरीने शांतपणे वही उघडली आणि सांगितलं, "आम्ही आलो तेव्हा आपण घरी नव्हता."

"घरच नव्हतं!" तो इसम ओरडला. "सहा महिन्यांपूर्वी पाडलंय मी ते!"

वहीत त्या घराने सहाही महिने अगदी नेमाने पाणी वापरलं होतं. मोठ्या साहेबांनी वही बघितली, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितली. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक निळं पुस्तक काढून सरासरीच्या हातात दिलं. 'माणूस समजून घ्या: व्यावहारिक मानसशास्त्राचे दहा धडे.' लोकांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी खात्याने हा अभ्यासक्रम काढला होता. शेवटी एक गृहपाठ होता: जवळच्या एका व्यक्तीचं दहा दिवस निरीक्षण करायचं आणि अहवाल पाठवायचा.

"पास झालात तर नोकरी," साहेब म्हणाले. वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी मनातच ठेवला.

हे झालं गुरुवारी दुपारी. आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी बायकोने त्याला तो प्रश्न विचारला. यालाच म्हणतात, दुष्काळात तेरावा महिना.

बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर होती. हाताखाली चाळीस माणसं, रोज हजारभर चादरी. त्यामुळे घरातल्या चादरीला सुरकुती दिसली, की तिच्या अंगावर काटा यायचा. दर गुरुवारी ती आणि नवरा मिळून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत. दोन कोपरे तिच्या हातात, दोन त्याच्या. झटकायचं, ताणायचं, मग एकमेकांकडे चालत यायचं. तो दर वेळी चुकीचा कोपरा धरायचा आणि ती दर वेळी "उलटा" म्हणायची. एकोणीस वर्षांच्या संसारात जवळ येण्याचे बाकीचे प्रसंग कमी होत गेले, तरी हा गुरुवार तेवढा टिकून राहिला होता.

चादर ताणताना ती म्हणाली, "अहो, मला विचारलंय."

"काय?"

"नवीन हॉस्पिटल काढतायत ना, तिथली लाँड्री लावून द्यायची. मशीन निवडण्यापासून माणसं शिकवण्यापर्यंत सगळं. इन्चार्ज म्हणून. वर्षभरासाठी."

"कुठे?"

"बसने सहा तास."

त्याच्या हातातला कोपरा सुटला.

"कोपरा सोडू नका," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात शनिवारी कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

आता त्याला काय वाटलं, ते मी सांगतो, कारण तो सांगणार नाही. घरातली भिंत कोणीतरी काढून नेतोय असं वाटलं. जाऊ नको, असं अगदी ओठांवर आलं. पण लगेच दुसरा विचार आला. जाऊ नको म्हटलं आणि ती खरंच राहिली, तर जन्मभर आपल्या डोक्यावर खापर. जा म्हटलं आणि ती खरंच आनंदाने निघाली, तर? ते तर त्याहून वाईट. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा त्याने आपला तो निर्णय घेतला.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि दोघं चालत जवळ आली. "उलटा धरलाय."

जेवण झाल्यावर तो निळं पुस्तक घेऊन बसला, आणि पहिल्याच पानावर त्याला आभाळ ठेंगणं झालं. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं: 'माणूस जे बोलतो ते त्याच्या मनात असतंच असं नाही.' म्हणजे बायकोला खरं काय हवंय, हे तिला विचारण्यात अर्थच नव्हता! ते ओळखायचं होतं. एकदा का तिच्या मनातलं कळलं, की आपण नेमकं तेच बोलायचं. राहायचं असेल तर राहा म्हणायचं, जायचं असेल तर जा म्हणायचं. दोन्हीकडून आपण निर्दोष. गृहपाठाच्या वहीवर त्याने लगेच लिहिलं, 'निरीक्षणाखालील व्यक्ती: पत्नी.' एका दगडात दोन पक्षी. (दगड कोणाच्या डोक्यात पडणार होता, हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच.)

दुसऱ्या धड्यात पावलांचं महत्त्व सांगितलं होतं. चेहरा खोटं बोलतो, पण पावलं बोलत नाहीत. माणसाचं मन जिकडे, तिकडे पावलांची टोकं. झालं. शुक्रवारी जेवताना सरासरीने चमचा खाली पाडला आणि वाकून बघितलं. बायकोची पावलं स्वयंपाकघराकडे होती. हायसं वाटलं. पण एका आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून परत चमचा पाडला. या वेळी पावलं मुख्य दाराकडे! त्याला घाम फुटला. तिसऱ्यांदा एक पाऊल दाराकडे आणि एक कपाटाकडे होतं. कपाटात तिची बॅग होती.

पाचव्या चमच्याला मुलगी म्हणाली, "बाबा, दोरीने गळ्यात बांधून देऊ का?"

मुलगी सतरा वर्षांची. तिला बापाविषयी प्रेम होतं, भ्रम नव्हते.

"हात घसरतोय," तो टेबलाखालून म्हणाला.

"आणि टॉर्च कशाला लागतोय?"

बायकोने पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घालून बसली. त्यावर पुस्तकात काहीच नव्हतं. वहीत त्याने लिहिलं, 'व्यक्ती पावलं लपवते. काहीतरी गंभीर.'

शनिवारी तिसरा धडा: चांगल्या वागण्याचं ताबडतोब कौतुक करावं, म्हणजे व्यक्ती मोकळी होते. बायकोने भाजी वाढली. "शाब्बास!" तो म्हणाला. तिने दचकून त्याच्याकडे बघितलं. तिने पंखा लावला. "वा, छान लावलास!" तिने दूध उतू जाता जाता उचललं, तेव्हा तर त्याने टाळ्या वाजवल्या. चाळीस माणसांना दिवसभर ओरडून कामाला लावणारी ती बाई, दुधाचं पातेलं हातात धरून बराच वेळ नुसती उभी राहिली. मग मुलीला हळूच विचारलं, "ऑफिसात काही झालंय का गं?"

रविवारी त्याने त्याच धड्यातलं आरसा धरण्याचं तंत्र वापरलं. (पिशवीतला आरसा नव्हे. एवढी अक्कल त्याला होती.) समोरची व्यक्ती जशी बसते तसं आपण बसायचं, जसं करते तसं करायचं, की तिला आपण आपलीच वाटतो. ती कपाळावर हात ठेवून बसली. तोही बसला. तिने मान चोळली. त्याने चोळली. ती पाणी प्यायली. तोही घटाघटा प्यायला. ती शिंकली, तेव्हा त्याला खोटं शिंकायला जरा वेळ लागला, पण जमलं.

"माझ्या नकला करताय?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता. "मी एवढा प्रश्न विचारला, आणि तुम्ही माझ्या नकला करताय?"

आणि तिचे डोळे भरून आले. एवढं होऊनसुद्धा आमच्या गृहस्थाने काय करावं? पुस्तकात लिहिलं होतं म्हणून त्याने डोळे भरून आणायचा प्रयत्न केला. त्याला मनापासून रडू येत होतं, ही त्यातली खरी शोकांतिका. पण त्या क्षणी ते खोटंच दिसलं.

सोमवारी संध्याकाळी ती सरळ त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"हे बघा, सुरुवातीपासून बोलूया. मला ते काम करावंसं वाटतंय. भीतीही वाटतेय. हिची बारावी आहे. तुमचं खाण्यापिण्याचं बघायचंय. माझं मलाच कळत नाहीये. तुम्हाला काय वाटतं, तेवढं सांगा."

यापेक्षा उघडं बोलणं जगात कोणी कोणाशी करत नाही. मीटर रस्त्यावर, झाकण काढलेलं, काच पुसलेली. पण त्या दिवशी सकाळीच चौथा धडा झाला होता: 'आपलं मत लादू नये. प्रश्न हळुवारपणे समोरच्याकडे परत पाठवावा.'

"तुला काय वाटतं?" तो हळुवारपणे म्हणाला.

"तेच तर सांगितलं."

"म्हणजे तुला असं वाटतंय, की तू ते सांगितलंस."

तिने त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं, हे मी विचारतेय."

"मला काय वाटतं, याबद्दल तुला काय वाटतं?"

ती उठली आणि इस्त्री करायला गेली. त्या रात्री तिने घरातले रुमालसुद्धा इस्त्री केले, आणि मग पायपुसणंही.

मंगळवारी मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, आईला परवानगी नकोय. तिला तुमचं मत हवंय. काहीही सांगा. जा म्हणा, राहा म्हणा, पण एक काहीतरी म्हणा."

सतरा वर्षांच्या पोरीने दहा धड्यांचा अर्क एका दमात काढून बापाच्या हातावर ठेवला होता. त्याने तो वहीत उतरवला: 'मुलगी मध्यस्थाची भूमिका घेते. पाहा धडा पाचवा.' पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

गुरुवार उजाडला. चादरींचा दिवस. आणि पुस्तकात सातवा धडा: मौनाची ताकद. आपण गप्प राहिलो, की समोरची व्यक्ती ती पोकळी भरण्यासाठी आपणहून मनातलं बोलते. चादरीचे दोन कोपरे धरून तो उभा राहिला.

"परवा कळवायचंय," ती म्हणाली. "शेवटचं विचारते. काय वाटतं तुम्हाला?"

तो गप्प.

"अहो."

त्याने तोंडात गुळणी धरल्यासारखे ओठ मिटले आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आश्वासक नजरेने बघितलं. (त्याची आश्वासक नजर कशी दिसते हे त्याने आरशात कधी पाहिलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे बसलेला माणूस असा बघतो.) एक चादर झाली. दोन झाल्या. सातव्या चादरीपर्यंत दोघं एकमेकांकडे चालत आली आणि लांब गेली, आणि घरात फक्त कापड झटकल्याचा आवाज होता. त्या दिवशी त्याने सातही वेळा कोपरा उलटा धरला, आणि ती एकदाही "उलटा" म्हणाली नाही. ते त्याच्या लक्षात आलं. ते त्याने वहीतही लिहिलं. फक्त त्याचा अर्थ त्याला कळला नाही.

शनिवारी सकाळी तो उठला तेव्हा ती कामावर गेली होती. फ्रिजवर एक चिठ्ठी लावलेली होती. त्याच्याच पॅडवरची, खात्याची, छापील. मोकळ्या जागा तिने तिच्या नीटस अक्षरात भरल्या होत्या.

'आम्ही येऊन गेलो. घर बंद आढळले. भेट क्रमांक: एक, गुरुवार. दोन, सोमवार. तीन, गुरुवार.'

आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात: 'नियमाप्रमाणे एकोणीस वर्षांची सरासरी घेतली. सरासरी उत्तर: काही नाही. सबब, होकार कळवते आहे.'

त्याने ती चिठ्ठी किती वेळा वाचली कोण जाणे. आजवर हजारो दारांत त्याने ती खोचली होती, पण दाराच्या आतल्या बाजूने ती कशी दिसते हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. मग तो जो धावत सुटला, तो थेट हॉस्पिटलच्या लाँड्रीत. एका पायात बूट, एका पायात चप्पल. आत वाफ, मशीनची घरघर, आणि त्या गर्दीत मध्यभागी हातात यादी घेऊन ती.

"जाऊ नकोस!" तो ओरडला. "मला वाटतं, तू जाऊ नकोस!"

इस्त्रीच्या मशीनवरच्या बाईने मागच्या बाईला विचारलं, "काय म्हणतायत?"

"जाऊ नको म्हणतायत."

"मग दहा दिवस काय करत होते?"

"चमचे पाडत होते म्हणे."

चाळीस माणसांना सगळं माहीत होतं. बायको यादी काखेत धरून त्याच्याजवळ आली. तिने त्याच्या पायांकडे बघितलं. एक बूट, एक चप्पल, आणि दोन्हींची टोकं तिच्याकडे.

"हे कितव्या धड्यातलं?" तिने विचारलं.

"कुठल्याच नाही! देवाशपथ, हे माझं आहे!"

"सकाळी आठ वाजता कळवलं मी," ती म्हणाली. "आणि सरासरीबद्दल तक्रार असेल तर लेखी अर्ज करायचा, पंधरा दिवसांत. तोंडी घेत नाहीत. तुम्हीच सांगता ना लोकांना?"

सांगत होता खरा. रोज सांगत होता, आणि सांगताना मनातून खूशही होत होता. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

ती गेली. जाताना तिने डब्यांवर नावं लिहिली, मुलीला मिठी मारली आणि त्याला म्हणाली, "तब्येत सांभाळा." तो मान हलवत राहिला. घर एवढं मोठं आहे हे त्याला माहीत नव्हतं. सकाळी चहा करायला गेला की हात आपोआप तीन कप काढायचा. गुरुवारी त्याने एकट्याने चादरीची घडी घालून पाहिली. दोन कोपरे हनुवटीखाली दाबले, दोन हातात धरले, आणि स्वतःलाच गुंडाळून पडला. मुलीने सोडवलं. त्यानंतर वाळलेल्या चादरी खुर्चीवर तशाच साठत गेल्या.

मध्येच गृहपाठाचा निकाल आला. सरासरी पहिल्या वर्गात पास झाला होता. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईने शेरा दिला होता: 'निरीक्षण फार बारकाईचे. पत्नी अत्यंत सरळ आणि स्पष्ट स्वभावाच्या दिसतात. मात्र या घरात आणखी एक व्यक्ती राहते, जिला तीनदा प्रश्न विचारूनही उत्तर देता येत नाही. तिच्याकडे कृपया लवकर लक्ष द्यावे.' ही व्यक्ती कोण, याचा विचार करण्यात त्याची अख्खी संध्याकाळ गेली. मुलीला विचारावं असं वाटलं, पण तिचा अभ्यास चालला होता.

पंधरावा दिवस उलटायच्या आत त्याने अर्ज केला. खात्याचाच नमुना घेतला, कारण कोऱ्या कागदावर त्याला सुचेना. तक्रारीचे स्वरूप: 'सरासरी चुकीची आहे. घर बंद नव्हते. आत माणूस होता. त्याला दार उघडता आले नाही.' विनंती: 'पुन्हा एकदा प्रत्यक्ष येऊन तपासणी करावी.' खाली सही केली आणि पोस्टात टाकला.

बरेच दिवस काही नाही. रोज फोनवर ती मुलीशी बोलायची. त्याच्याशी भाजी कोणती केली एवढं बोलणं व्हायचं. सहाव्या आठवड्यात तिच्या हातची चिठ्ठी आली: 'अर्ज मिळाला. येत्या रविवारी सकाळी प्रत्यक्ष तपासणी. घर उघडे ठेवावे.'

रविवारी पहाटे पाचला उठून त्याने फरशी पुसली. आरशासमोर उभा राहून पाठांतर केलं: "मला वाटतं, वर्ष पूर्ण कर, तुला ते जमतंय. पण मला तुझी फार आठवण येते." वीसदा म्हटलं. बावीसदा म्हटलं. दोन वाक्यं, एका दमात. मुलगी क्लासला निघताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, आज फक्त घरात बसा. दुसरं काही म्हणजे काही करू नका."

बसला असता तो. पण साडेआठला त्याला नववा धडा आठवला: 'समोरच्या व्यक्तीच्या दिशेने आपण एक पाऊल पुढे टाकावे.' एकोणीस वर्षांत कधी स्टँडवर आणायला गेलो नाही, आज गेलो तर तिला किती बरं वाटेल! या विचाराने तो इतका हरखला, की दार ओढून घेऊन चालूच पडला. दार खटकन लागलं. किल्ली आत टेबलावर होती.

स्टँडवर पहिली बस आली, दुसरी आली. तिसरीतून बकरी उतरली, पण बायको नाही. साडेअकराला तो घरी परतला, तेव्हा दाराच्या फटीत चिठ्ठी खोचलेली होती.

'आम्ही येऊन गेलो. घर बंद आढळले. भेट क्रमांक: एक.'

ती बसने आलीच नव्हती. हॉस्पिटलची गाडी इकडे येत होती, त्यातून आली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अहो, होता कुठे तुम्ही? दोन तास माझ्याकडे बसली बिचारी. आत्ता तुम्हाला शोधायला बाहेर पडली."

"मी बघून येतो," तो वळला.

"खबरदार!" काकू ओरडल्या. "पायरीवर बसा. हलायचं नाही!"

तो बसला. अर्ध्या तासाने ती आली. थोडी वाळली होती, पण चालण्यात एक नवा डौल होता, इन्चार्जचा. त्याला एकदम भरून आलं.

"आत का नाही बसलात?"

"किल्ली आत राहिली."

तिने पर्समधून स्वतःची किल्ली काढली आणि दार उघडलं.

"तुझ्याकडे किल्ली होती?" तो चकित झाला. "मग घर बंद कसं लिहिलंस? आत जाऊन बसायचं ना!"

"घरात कोणी नसताना मीटर बघायला आत शिरायचं नाही, हा नियम कोणी सांगितला मला?"

आत गेल्यावर तिला खुर्चीवरचा चादरींचा ढीग दिसला. तिने डोळे मिटून घेतले, मग उघडले. काही न बोलता वरची चादर उचलली आणि दोन कोपरे त्याच्याकडे दिले. त्याने धरले. आश्चर्य म्हणजे, बरोबर धरले. झटकली, ताणली, आणि दोघं एकमेकांकडे चालत आली. ती आता हातभर अंतरावर होती. केसांना तोच साबणाचा आणि वाफेचा वास.

"सांगा," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात खरंच वाट बघणं होतं. "वर्ष पूर्ण करू, की परत येऊ? काय वाटतं तुम्हाला?"

त्याने श्वास घेतला. दोन वाक्यं होती. बावीसदा म्हटलेली, तोंडपाठ, अगदी जिभेच्या टोकावर. त्याने तोंड उघडलं, आणि एकोणीस वर्षांची सवय म्हणा, चौथा धडा म्हणा, नशीब म्हणा, बाहेर आलं ते हे:

"तुला काय वाटतं?"

तिने त्याच्या हातातले कोपरे काढून घेतले. घडी पूर्ण केली, हाताने दाबून सुरकुती काढली, चादर बाजूला ठेवली. मग टेबलाचा खण उघडून त्याचं पॅड काढलं.

"भेट क्रमांक दोन," ती म्हणाली. "पेन आहे?"

पेन त्याच्या खिशात होतं. त्याने ते काढून दिलं, टोपण उघडून.